एआय आल्यावर रोबोट टेक्निशियनचं काम उरेल का? मुलगा दहावी झालाय, मेकॅट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला घालू की नको?

घाला. एवढ्यावर थांबलो असतो, पण हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये असलेला माझा साडू प्रत्येक लग्नात चारचौघांत मला ऐकवतो, "किती दिवस पाने-पकडी घेऊन फिरणार? तुमचं काम आता एआय करेल." म्हणून जरा लांबण लावतो.

मी चाकणला गाड्यांच्या बॉडी शॉपमध्ये, म्हणजे गाडीचा सांगाडा जोडतात तिथे, मेंटेनन्सला आहे. मोटरचा करंट आणि तापमान बघून कुठला गिअरबॉक्स जाणार ते आधीच सांगणारी सिस्टिम आमच्याकडे बसवली. एका सोमवारी तिने पॅनेल उचलणाऱ्या रोबोटच्या तिसऱ्या अ‍ॅक्सिसवर, म्हणजे सांध्यावर, लाल खूण दाखवली, रिड्यूसर (त्या सांध्यातला गिअरबॉक्स) बदला. साहेब लगेच स्पेअर मागवायला निघाले. रिड्यूसर बदलायचा म्हणजे हात उतरवा, मास्टरिंग करा म्हणजे सांध्यांचं शून्य पुन्हा जुळवा, सगळे पॉइंट तपासा, आणि तोवर लाईन बंद.

मी आधी ग्रीस काढून पाहिलं. रिड्यूसर झिजला की ग्रीसमध्ये लोखंडाची पूड दिसते. इथे ग्रीस स्वच्छ, बॅकलॅशही (दात्यांमधला ढिलेपणा) नाही. मग ग्रिपरकडे, रोबोटच्या पकडीकडे, नजर गेली. रविवारच्या शटडाऊनमध्ये व्हेंडरच्या पोरांनी नव्या मॉडेलसाठी जाड ब्रॅकेट आणि जास्तीचे क्लॅम्प बसवले होते, कंट्रोलरमध्ये पेलोड, म्हणजे हातावरच्या वजनाचा आकडा, मात्र जुनाच. नवं वजन रोबोटच्या क्षमतेत बसतंय हे पाहिलं, पेलोड भरला, सिस्टिमची बेसलाइन, म्हणजे तुलनेसाठीची नेहमीची नोंद, नव्याने घेतली. लाल खूण गेली.

यात सिस्टिमचं चुकलं असं मी म्हणत नाही. करंट वाढलाच होता. पण रविवारी काय ठोकलं ते तिला कोण सांगणार? साडू म्हणतो, "तोही डेटा भरा." अहो, व्हेंडर आम्हालाच फोन केल्याशिवाय सांगत नाही!

१९६१ साली न्यू जर्सीत जनरल मोटर्सच्या कारखान्यात युनिमेट नावाचा रोबोट लागला, डाय कास्टिंगचे गरम तुकडे उचलायला. माणूस संपला ही ओरड तेव्हापासूनची. तुकडे उचलणाऱ्याचं काम गेलं, युनिमेट दुरुस्त करणाऱ्याचं वाढलं.

आता तुमच्या मुलाचं. पेंडंट (रोबोट चालवायचा हातातला रिमोट) घेऊन एकेक पॉइंट शिकवणं कमी होईल, ते आताच बरंचसं कॉम्प्युटरवर सिम्युलेशनमध्ये होतं. अलार्म कोड घेऊन मॅन्युअल चाळणंही जाईल, जाऊ दे. नुसतं रीसेट मारून चहाला जाणाऱ्यांची गरज उरणार नाही, आणि मला त्याचं दुःख नाही. घासलेली केबल बदलणं, सांध्याची जागा मोजणाऱ्या एन्कोडरची बॅटरी, कुंपणाच्या आत टी-वन या हळू चालवायच्या मोडला २५० मिलिमीटर प्रतिसेकंदाच्या आत रोबोट हलवत बिघाड शोधणं, हे हातानेच होतं.

हो, एक राहिलं. तेवढ्याच रोबोटांना पुढे माणसं कमी लागतील, आणि सुरुवातीची भरती बहुतेक कंत्राटीच असते, पगारही बेताचा. त्यामुळे नुसत्या रोबोटवर थांबू नका, पीएलसी (लाईनची मशीनं चालवणारा कंट्रोलर) आणि इलेक्ट्रिकल ड्रॉइंग त्याला पक्कं यायला हवं. कॉलेज निवडताना लॅबमधला रोबोट चालू आहे की काचेआड नुसता पाहुण्यांना दाखवायला ठेवलाय, ते स्वतः जाऊन बघा. पेंडंट पोरांच्या हातात देतात का, तेही तिथल्या पोरांनाच विचारा, सरांना नको.