मैत्रिणीचं सुतक नसतं

"मॅडम, माझे वडील गेले तेव्हा मी एवढी रडले नव्हते, आणि ही तर माझी नात्याची कोणीच नव्हती, मग मला हे काय होतंय?"

माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्यांकडून हा प्रश्न मला वर्षातून चारपाच वेळा तरी ऐकायला मिळतो. माणसं वेगळी असतात, कधी शाळेतला मित्र गेलेला असतो, कधी रोजच्या लोकलच्या ग्रुपमधलं कोणी, पण विचारताना चेहऱ्यावर दुःखापेक्षा लाजच जास्त दिसते. आज एका केसबद्दल लिहितेय. तिला विचारून लिहितेय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

वय सत्तेचाळीस, राहायला डोंबिवलीला, नोकरी फोर्टमध्ये. कॉलेजला असताना ती ४ बाय १०० रिले पळायची, म्हणजे चौघी एकीपाठोपाठ एक शंभर शंभर मीटर पळतात ती शर्यत, त्यात ही शेवटची, म्हणजे अँकर. जी मैत्रीण गेली ती तिच्या टीममधली तिसरी. या चौघी आजही एकमेकींना नावाने हाक मारत नाहीत, फर्स्ट, सेकंड, थर्ड आणि लास्ट, बस. त्यामुळे मला पहिल्या सेशनला अर्धा तास कळेचना की "थर्ड गेली" म्हणजे नक्की कोण गेलं.

थर्ड बोरिवलीला राहायची. कॅन्सर होता आणि तिने ग्रुपवर कोणालाच सांगितलं नव्हतं. ती गेल्याचं हिला तिसऱ्या दिवशी कळलं, ते पण ऑफिसमध्ये जेवताना, कोणीतरी फॉरवर्ड केलेल्या मेसेजवरून. त्याआधी दोघी भेटून सहा वर्षं झाली होती. वाढदिवसाला फोन व्हायचा आणि दर वेळी "भेटू गं एकदा" ठरायचं, आता डोंबिवली ते बोरिवली म्हणजे काय ते मुंबईत राहणाऱ्याला सांगायला नको, दादरला उतरा, पूल चढा, गर्दीतून वेस्टर्नला या, जाऊन येऊन अख्खा रविवार संपतो. त्यामुळे ते "एकदा" काही आलं नाही.

माझ्याकडे आली तेव्हा सहा आठवडे झाले होते. दादरचा पूल दिसला की रडू यायचं, रात्री दोनला जाग यायची. घरात कोणी वाईट नाही हं, नवरा शांत माणूस आहे, पण तोही एकदा म्हणून गेला की अगं सहा वर्षं भेटली नव्हतीस, आणखी किती दिवस चालणार हे. ऑफिसात सुट्टीचा अर्ज करायला गेली तर कारणाच्या रकान्यात काय लिहायचं ते सुचेना, शेवटी ताप लिहिलं.

आपल्याकडे कसं आहे बघा, सख्खं कोणी गेलं तर सुतक असतं, दहा दिवस, मग तेरावा, कोणी काय करायचं, काय खायचं नाही, कोणाकडे जायचं नाही, सगळं ठरलेलं. त्यातलं काय पटतं आणि काय नाही तो वेगळा विषय, मला स्वतःला बरंच पटत नाही, पण एक गोष्ट त्यात आहे की त्या दिवसांत तुम्ही दुःखात आहात हे चार लोक मान्य करतात. भांडी घासायला शेजारीण येते, जेवणाचा डबा येतो. मैत्रिणीचं सुतक नसतं. दुसऱ्या दिवशी ७:५२ ची लोकल पकडायचीच असते. केनेथ डोका म्हणून अमेरिकेतले एक अभ्यासक आहेत, त्यांनी १९८० च्या दशकात या प्रकाराला नाव दिलं, मी मराठीत त्याला हक्क नाकारलेलं दुःख म्हणते. ज्या दुःखाला आजूबाजूचे दुःख म्हणून मोजत नाहीत, ते माणूस एकटाच वागवत बसतो आणि वर स्वतःलाच विचारतो की मी जरा जास्तच करतेय का.

आणि ते वडिलांचं. हे तिला फार टोचत होतं. मी तिला एवढंच विचारलं की वडील गेले तेव्हा तुम्ही काय करत होतात. तर म्हणाली हॉस्पिटलचं बिल, दाखला, भावाला गावाहून आणणं, आईची बीपीची गोळी. रडायला वेळ कुठे होता? आता वेळही होता आणि कामही काही नव्हतं. रडण्यावरून प्रेम मोजायला गेलं की हिशोब हमखास चुकतो.

तिने कुठल्यातरी रीलवर दुःखाच्या पाच पायऱ्या पाहिल्या होत्या आणि आपण चौथीवर, म्हणजे नैराश्यावर, अडकलोय असं ठरवून आली होती. त्या पायऱ्या एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडल्या, त्या मुळात मरणाच्या दारात असलेल्या पेशंटशी बोलून, मागे राहिलेल्यांसाठी ते टाइमटेबल नव्हतंच. सहा आठवड्यांत रडू येणं हा आजारही नाही. लांबलेल्या शोकाचं निदान करायचं तर जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीप्रमाणे कमीत कमी सहा महिने जावे लागतात, अमेरिकन मानसोपचाराच्या यादीप्रमाणे मोठ्या माणसाला वर्ष, आणि तेव्हाही रोजचं जगणं ठप्प झालंय का हे बघतात. हे ऐकून तिचे खांदे जरा खाली आले.

मग मी माझी चूक केली. थर्डला पत्र लिहून आणा म्हटलं. बऱ्याच जणांना याचा उपयोग होतो, मला सवयच लागलीये ते सुचवायची. पुढच्या वेळी वही कोरी. म्हणाली, "मॅडम, आम्ही असं कधी बोललोच नाही हो. आम्ही पळायचो." खरं होतं ते, मी ऐकून न घेताच गृहपाठ दिला होता.

मग म्हटलं बरं, पळण्याबद्दलच सांगा. आणि बाई जी सुटली! पहाटेची लोकल, सीएसटीला उतरून चालत मरीन लाइन्सच्या युनिव्हर्सिटी ग्राउंडवर, चौघींत मिळून दोन जोड स्पाइक्स, म्हणजे तळाला खिळे असलेले बूट, मापाला मोठे म्हणून पुढे कापूस कोंबलेला. बॅटन, म्हणजे पळताना पुढचीच्या हातात द्यायचं दांडकं, कॉलेजच्या कपाटात कुलपात असायचं, म्हणून घरी प्रॅक्टिस लाटण्याने करायच्या. बॅटन २८ ते ३० सेंटिमीटर लांब, लाटणंही साधारण तेवढंच, फक्त जड, त्यामुळे रेसच्या दिवशी खरं बॅटन हातात पिसासारखं वाटायचं. थर्डच्या आईची दोन लाटणी यात फुटली. ग्राउंडवर थर्ड वळणावरून येणार, तिच्या उजव्या हातात बॅटन, हिने डावा हात मागे करायचा, आणि मागे वळून बघायचं नाही. अजिबात नाही. चुन्याची खूण पावलं मोजून केलेली असते, मागची त्या खुणेवर आली की पुढचीने सुटायचं आणि नुसत्या आवाजावर हात मागे टाकायचा. थर्ड ओरडायची, "घे!"

"तीन वर्षं मी तिचा चेहरा बघितलाच नाही मॅडम, पळताना. फक्त आवाज."

चौथ्या सेशनला खरी गोष्ट आली. १९९९ ची इंटरकॉलेज फायनल. त्या दिवशी ही घाबरून लवकर सुटली, थर्ड खुणेवर यायच्या आधीच. थर्ड मागून जीव तोडून धावली पण गाठेपर्यंत झोन, म्हणजे ज्या टप्प्यातच बॅटन द्यावं लागतं तो, संपला होता, पिवळा झेंडा वर, टीम बाद. सर तणतणत आले. आणि ही तोंड उघडायच्या आत थर्ड म्हणाली, सर माझा पाय मुडपला, मी स्लो आले. सरांनी सगळ्यांसमोर तिला झाप झाप झापलं. ही गप्प राहिली. त्या दिवशी गप्प राहिली, नंतरची सव्वीस वर्षं पण. रात्री दोनला जाग येते ती या झेंड्यापाशी. एका रात्री तर मोबाइलवर नियम शोधत बसली होती, की आता झोन ३० मीटरचा झालाय, आमच्या वेळी २० चा होता, म्हणजे आजच्या नियमात आम्ही वाचलो असतो का? तर नाही. वाढलेले दहा मीटर झोनच्या मागच्या बाजूला, जिथून आधी नुसतं पळायला सुरुवात करायचे तो भाग आत धरला, पुढची रेष होती तिथेच आहे. म्हणजे आजही बादच.

अशा वेळी समोरच्याला पटकन "जाऊ दे गं, कॉलेजमधली गोष्ट" म्हणावंसं वाटतं, आणि तेच म्हणू नये. तिच्यासाठी ती कॉलेजमधली गोष्ट नव्हती, ती फेडायची राहिलेली उधारी होती आणि सावकारच निघून गेला. मी माफ करायला कोण? मी विचारलं, तिथे अजून कोण होतं? फर्स्ट आणि सेकंड. एक पुण्यात, एक विरारला. म्हटलं त्यांना सांगा. फोनवर नको, भेटून.

यायला त्यांना तीन आठवडे लागले, मुंबईच्या मानाने लवकरच म्हणायचं. रविवारी सकाळी तिघी मरीन लाइन्सला भेटल्या, ग्राउंडच्या बाहेर उभ्या राहिल्या, मग मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसून हिने सगळं सांगितलं. सेकंड तिच्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "अगं, आम्हाला तेव्हाच माहीत होतं. अख्ख्या ग्राउंडला दिसलं होतं तू कधी सुटलीस ते. सरांना पण माहीत होतं."

"मग सर तिला का ओरडले?"

"तू शेवटच्या वर्षाला होतीस? नव्हतीस ना? तुला झापलं असतं तर पुढच्या वर्षी आली असतीस का तू?"

हे खरं की सेकंडने तिथल्या तिथे रचलं, मला माहीत नाही आणि हिलाही नाही. पण फर्स्ट पिशवीतून लाटणं घेऊन आली होती, पुण्याहून, आणि तिघी साडी-ड्रेसवर, सकाळच्या वॉकवाल्यांच्या गर्दीत, तीन बायका लाटणं देत-घेत पळाल्या. तिसरीची जागा रिकामी ठेवून पळाल्या. सेकंडने हिच्यापर्यंत येताना "घे" म्हटलंच नाही, नुसतं लाटणं हातात दिलं.

एक मध्येच सांगून ठेवते, सगळ्यांचं असं गप्पांवर भागत नाही. जेवण तुटलं, अंथरुणातून उठवत नाही, आपणही जावं असे विचार येतात, तर मैत्रिणींची किंवा माझ्यासारखीची वाट बघू नका, डॉक्टरकडे जा, नाहीतर सरकारच्या टेलि-मानसला १४४१६ वर फोन करा, दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

सात सेशननंतर आम्ही थांबलो. दादरचा पूल अजून कधीकधी अवघड जातो असं ती म्हणाली. झोप बरी आहे. मी नवऱ्याचं विचारलं. तर हसायला लागली. लाटण्याचा किस्सा घरी सांगितल्यावर तो बराच वेळ गप्प बसला होता म्हणे, आणि मग लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदा त्याने विचारलं, तुझं १०० मीटरचं टायमिंग काय होतं गं?

"मी म्हटलं तेरा पॉइंट दोन. तर म्हणाले, म्हणजे हे चांगलं की वाईट?"