१८४१ च्या आधीचे स्कॉटिश आणि इंग्लिश पूर्वज शोधायचे तर मृत्युपत्रं आणि चर्चची दप्तरं कशी वापरायची?

तुम्ही लिहिलंय की सासरे मूळचे स्कॉटलंडचे, सासूबाई इंग्लंडच्या. मुलांसाठी दोन्हीकडची वंशावळ करताय, १८४१ च्या जनगणनेपर्यंत पोचलात, आणि त्याच्या मागे गेलं की एकाच नावाची चार-चार माणसं समोर येतात. त्यातला आपला कोण, हे कसं ठरवायचं?

मी अकरा वर्षं माझ्या सासरचं हेच काम करतेय. यजमानांच्या वडिलांकडचे फाइफमधले विणकर, आईकडचे लिंकनशरचे छोटे शेतकरी. त्यामुळे दोन्ही वाटा माझ्या पायाखालच्या आहेत.

सगळ्यात आधी, ही दोन घराणी दोन वेगळ्या वह्यांत मांडा. या दोन देशांचा कायदा वेगळा, चर्च वेगळं, म्हणून कागदावर काय लिहिलं जायचं तेही वेगळं. एकीकडचा नियम दुसरीकडे लावला की वंशावळ चुकलीच म्हणून समजा.

सासऱ्यांच्या बाजूने सुरुवात करा, ती तुलनेने सोपी आहे. जन्म-लग्न-मृत्यूची सरकारी नोंदणी इंग्लंडमध्ये १८३७ ला सुरू झाली, स्कॉटलंडमध्ये १८५५ ला. उशिरा झाली, पण काय भरगच्च! स्कॉटिश मृत्यूच्या दाखल्यावर मृताच्या आईवडिलांची नावं असतात, आईच्या माहेरच्या आडनावासकट. म्हणजे १८५६ मध्ये ऐंशीव्या वर्षी गेलेल्या आजीबाईंचा दाखला तुम्हाला एका उडीत १७७६ च्या आसपासच्या आईबापांकडे नेतो. म्हणून घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस कोण, जे १८५५ च्या पुढे जगलं, ते आधी हुडका. माहिती सांगणारा कोण होता तेही त्याच दाखल्यावर असतं. मुलगा असेल तर विश्वास ठेवा, शेजारी असेल तर पडताळून घ्या.

त्याच्या मागे चर्चच्या जुन्या नोंदवह्या. सगळ्यात जुनी पर्थशरमधल्या एरल गावची, १५५३ ची. बहुतेक गावांच्या त्यानंतर बऱ्याच उशिराच्या आणि मधेमधे खंड पडलेल्या. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बहुधा दोन्ही पालक सापडतात. स्कॉटलंडमध्ये बाई लग्नानंतरही कागदोपत्री माहेरच्याच आडनावाने राहायची; ती सासरच्या आडनावाने शोधलीत तर हाती काही लागणार नाही. दफनाच्या नोंदी फार तुटपुंज्या. तिथे चर्चचा जमाखर्च बघा. शवपेटीवर घालायचं कापड, मॉर्टक्लॉथ, चर्च भाड्याने द्यायचं आणि ते भाडं वहीत लिहिलं जायचं. आमच्या एका पूर्वजाच्या मृत्यूचा पुरावा म्हणजे त्या भाड्याची एक ओळ, बस्स. आणि १८४३ ला चर्च दुभंगलं, त्यानंतरचा बाप्तिस्मा जुन्या वहीत नसेल तर फुटून निघालेल्या फ्री चर्चच्या वहीत शोधा.

आता तुमच्या चार माणसांचं. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, पहिल्या मुलीला आईच्या आईचं, अशी तिकडे रीत होती. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, त्यामुळे आपल्याला हे लगेच पटतं. पण तोच घोळही आहे. चार भावांनी आपापल्या पहिल्या मुलाला त्याच आजोबांचं नाव ठेवलं की एका पंचक्रोशीत, दहा-पंधरा वर्षांच्या अंतरात, एकाच नावाचे चार चुलतभाऊ. नुसत्या बाप्तिस्म्याच्या नोंदीवरून ते वेगळे करता येत नाहीत. तिथे मृत्युपत्रच लागतं, कारण नाती, धंदा आणि राहतं घर एकत्र सांगणारा कागद तोच.

स्कॉटलंडमध्ये त्याला टेस्टमेंट म्हणतात. माणसाने मृत्युपत्र केलं असेल तर टेस्टमेंट टेस्टमेंटर, न करता गेला असेल तर न्यायालय एक्झिक्युटर, म्हणजे मिळकतीची व्यवस्था लावणारा माणूस, नेमायचं, ते टेस्टमेंट डेटिव्ह. १५१४ ते १८२३ पर्यंत हे काम कमिसरी न्यायालयांचं, म्हणजे मृत्युपत्रांचं काम बघणाऱ्या त्या त्या भागातल्या न्यायालयांचं, पुढे शेरीफ न्यायालयांचं. हे सगळं ‘स्कॉटलंड्स पीपल’ या सरकारी संकेतस्थळावर नावाने शोधता येतं.

इथे मी दोन वर्षं वाया घालवली, ती तुमची जाऊ नयेत म्हणून सविस्तर सांगते. सेंट अँड्र्यूज कमिसरी न्यायालयातलं १७३१ सालचं एका विणकराचं टेस्टमेंट मला मिळालं. गाव बरोबर, धंदा बरोबर, बायकोचं नाव बरोबर. जंगम मालाची यादी होती: दोन माग, एक म्हातारी गाय, पिठाची पेटी, शिंगाचे चमचे. खाली तीन मुली आणि एक धाकटा मुलगा. आमचा जो पूर्वज, थोरला मुलगा, त्याचं नावच नाही. हे आपलं घर नव्हे असं ठरवून मी तो कागद बाजूला ठेवला.

चूक इंग्लिश डोळ्यांनी वाचण्याची होती. स्कॉटलंडमध्ये १८६८ पर्यंत जमीन आणि घर मृत्युपत्राने देताच येत नसे. टेस्टमेंट फक्त जंगमाचं. स्थावर कायद्याने थोरल्याकडे जायचं, आणि ते घेणाऱ्याला जंगमात सहसा वाटा नसायचा. म्हणजे थोरल्याचं नाव नसणं हीच खूण होती की घर त्याला मिळालं. मग मी सेझिनची नोंदवही उघडली. स्थावराच्या हस्तांतराची ही वही १६१७ पासून चालू आहे. तिथे तो होता, बापाच्या नावासकट, घर आणि परसाच्या चतुःसीमेसकट. त्या दिवशी मी सासऱ्यांना फोन केला तेव्हा ते बराच वेळ काही बोललेच नाहीत.

त्याच यादीत गाईची किंमत बारा पौंड होती. दचकू नका, ते स्कॉट्स पौंड. बारा स्कॉट्स पौंड म्हणजे एक स्टर्लिंग. आणि डेटिव्हमध्ये एक्झिक्युटर परका माणूस दिसला तर नातं जोडायला जाऊ नका, बऱ्याचदा तो नुसता धनको असतो.

सासूबाईंच्या बाजूला, म्हणजे इंग्लंडमध्ये, चर्चच्या नोंदवह्या १५३८ पासून, आणि १५९८ पासून त्यांची वार्षिक नक्कल बिशपकडे जायची. मूळ वही उंदरांनी खाल्ली असेल तर नक्कल मागा. १८१३ च्या आधीच्या बाप्तिस्म्यात आईचं पहिलं नाव मिळालं तरी पुष्कळ, माहेरचं आडनाव विसरा. उलट १७५४ पासूनच्या लग्नाच्या नोंदी सुरेख: वधूवरांच्या आणि साक्षीदारांच्या सह्या किंवा फुल्या. दोन सारख्या नावांचे पुरुष मी सहीतल्या अक्षराच्या वळणावरून वेगळे केलेत.

तारखांकडे नीट बघा. इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत वर्ष २५ मार्चला बदलायचं. जून १७२० ला लग्न आणि फेब्रुवारी १७२० ला बाळाचा बाप्तिस्मा असं दिसलं तर काही वावगं नाही, तो आपला १७२१ चा फेब्रुवारी. स्कॉटलंडने मात्र १६०० पासूनच १ जानेवारी धरली होती.

इंग्लिश मृत्युपत्रं १८५८ पर्यंत चर्चच्या न्यायालयांत सिद्ध व्हायची. छोटी मिळकत स्थानिक न्यायालयात, म्हणजे आज बहुधा जिल्ह्याच्या अभिलेखागारात. मोठी किंवा विखुरलेली मिळकत असेल तर कँटरबरीच्या न्यायालयात. ती १३८४ पासूनची दहा लाखांहून जास्त मृत्युपत्रं लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. उत्तरेकडची यॉर्कला, बॉर्थविक संस्थेत. घराणं डेव्हनचं असेल तर वाईट बातमी आहे, एक्सेटरला ठेवलेली मृत्युपत्रं १९४२ च्या बाँबहल्ल्यात जळाली.

नवरा हयात असताना बाईचं मृत्युपत्र १८८२ पर्यंत क्वचितच मिळतं. पण विधवा आणि बिनलग्नाच्या आत्या यांची मृत्युपत्रं आवर्जून काढा. कुठली चादर कुठल्या भाचीला, कुठला चमचा कुठल्या पुतण्याला, सगळं नावानिशी असतं. फक्त नात्याचे शब्द आजच्या अर्थाने घेऊ नका. ‘सन-इन-लॉ’ म्हणजे त्या काळी सावत्र मुलगाही असे. आमच्याकडे एक असा ‘जावई’ शेवटी विधवेच्या पहिल्या घरचा मुलगा निघाला.

अक्षर आधी अजिबात लागणार नाही. मोडी शिकलेल्या कुणाला विचारा, तसंच आहे: साचा ठरलेला असतो, पहिल्या ओळी सगळीकडे जवळजवळ त्याच. दहा मृत्युपत्रांच्या पहिल्या ओळी हाताने उतरवून काढा, अक्षर डोळ्यांत बसतं.

आणि एखादा तरुण गावातून एकाएकी नाहीसा झाला असेल तर मुंबई बघा. मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं यांच्या नकला लंडनला जायच्या. १७०९ पासूनच्या त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

सासऱ्यांकडचं गाव आणि त्या चौघांचे धंदे इथे कळवा. त्या गावाचं कमिसरी न्यायालय कोणतं होतं ते मी बघून सांगते.