आजीचे तेरावे आपण का घातले नाही

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

गेल्या आठवड्यात तू फोनवर दोन गोष्टी विचारल्यास. आजी गेल्यावर आपण दहावे-तेरावे का केले नाही, ही पहिली. आणि ज्या बाईने जन्मात कधी पगाराची नोकरी केली नाही, कुठल्या संस्थेचे अध्यक्षपद भूषवले नाही, तिच्या श्रद्धांजली सभेला आपल्या नात्यागोत्यात नसलेली एवढी माणसे का लोटली, ही दुसरी. फोनवर नीट सांगता येण्यासारखा हा विषय नाही, म्हणून हे पत्र.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते. ऐंशी ओलांडल्यावर आजीने देहदानाचा अर्ज भरला. त्याची एक प्रत तिने देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवली आणि दुसरी शेजारच्या काकूंकडे दिली, कारण आपण परदेशात असणार आणि ऐनवेळी हाताशी शेजारीच असणार, हे तिने हिशेबात धरले होते. अर्ज भरला म्हणजे सगळे झाले असे नसते; मृत्यूनंतर घरच्यांनी वैद्यकीय महाविद्यालयाला कळवून संमती द्यावी लागते, आणि नेत्रदान करायचे तर नेत्रपटल साधारण सहा तासांच्या आत काढावे लागते. त्या रात्री काकूंनी खोलीतला पंखा बंद केला, उशी देऊन आजीचे डोके थोडे उंच केले, मिटलेल्या पापण्यांवर ओल्या कापसाचे बोळे ठेवले आणि मगच मला फोन लावला. हा क्रम आजीनेच त्यांच्याकडून पाठ करून घेतला होता. देह विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी गेला, त्यामुळे दहन नाही आणि अस्थीही नाहीत. देहदान करूनही सगळे विधी करणारी घरे आहेत आणि त्यात वावगे काही नाही. आपण केले नाहीत ते केवळ, त्या पैशांत डब्यांचे सामान भरावे, असे तिने लिहून ठेवले होते म्हणून.

सभेत जो तो ज्या डब्यांविषयी बोलत होता, ते हेच डबे. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर त्यांतच आहे. जुन्या पुण्यात शिकायला आलेल्या गरीब मुलांना वारावर जेवू घालण्याची रीत होती. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, अशी सात घरे मिळून एका मुलाला सांभाळत. 1951 साली आजी लग्न होऊन नारायण पेठेतल्या वाड्यात आली, तेव्हा तुझ्या पणजीकडे मंगळवारी असा एक विद्यार्थी जेवत असे. रीत चांगली होती, पण तीत जात पाहिली जाई, आणि मुलाने मान खाली घालून जेवावे अशीही अपेक्षा असे. आजीला हे दोन्ही पहिल्यापासून खटकले. पुढे वार मागणारी मुले कमी होत गेली, तेव्हा तिने वार बंद पडू न देता त्याचे तोंड ससून रुग्णालयाकडे वळवले. खेड्यातून रुग्णाला घेऊन आलेला माणूस रुग्णालयाच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून दिवसचे दिवस काढतो आणि स्वतःच्या पोटाला मात्र पावाच्या तुकड्यावर ठेवतो, हे तिने एका नातलगाच्या आजारपणात पाहिले होते. वाड्यातल्या सात बिऱ्हाडांना तिने एकेक वार वाटून दिला. नियम मोजकेच होते: चार पोळ्या, कोरडी भाजी आणि चटणी द्यायची, आमटी सांडते म्हणून नको, शिळे चालणार नाही, घेणाऱ्याला जात विचारायची नाही, आणि तो स्वतःहून सांगेल तेवढेच ऐकायचे. आपल्याकडे भांड्यांवर घरातल्यांची नावे घालून घेतात, पण या डब्यांवर तिने फक्त वार घालून घेतले, म्हणजे आपण कोणाच्या घरचे जेवलो हे जेवणाऱ्याला कळू नये. वाडा पडून त्या जागी सोसायटी उभी राहिली, बिऱ्हाडे पांगली, तरी वार चालूच राहिले. अलीकडे तर ते व्हॉट्सॲपवर ठरत.

सभेतली सगळी माणसे मात्र डब्यांमुळे आली नव्हती. पहिल्या रांगेतले पांढरी टोपी घातलेले वृद्ध गृहस्थ तुला आठवत असतील. त्यांचा संबंध त्याहून जुना. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले, त्यापाठोपाठ खडकवासल्याचेही, आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. जवानांनी रातोरात वाळूची पोती रचून धरण काही तास थोपवले, त्यामुळे पाणी अंधारात न येता दिवसा आले आणि असंख्य जीव वाचले. आपल्या वाड्याची मातीच्या भिंतींची मागची बाजू त्या दिवशी बसली. आजी तेव्हा 29 वर्षांची होती आणि स्वतःच पूरग्रस्त होती. ज्या शाळेत लोकांची सोय केली होती, तिथे ती आधी पाण्याच्या कामाला लागली, कारण धरणेच गेल्यामुळे नळ कोरडे पडले होते आणि वाड्यांतले जुने आड उपसावे लागत होते. पण लवकरच तिच्या लक्षात आले की जेवण आणि कपडे देणारे पुष्कळ आहेत, अर्ज लिहून देणारे कोणी नाही. रेशनकार्ड वाहून गेलेले, दाखले भिजून लगदा झालेले. अशा माणसाने आपण कोण आणि आपले काय गेले हे सरकारी कागदावर कसे मांडावे? आजी मॅट्रिक झालेली होती आणि तिचे अक्षर सुरेख होते. त्या गृहस्थांच्या वडिलांचा अर्ज तिनेच लिहिला होता. पुढे ही कुटुंबे गोखलेनगर, सहकारनगर, लोकमान्यनगर अशी शहरभर वसली, आणि दाखला अडला, मुलाची फी भरायची राहिली, रक्त हवे झाले की नारायण पेठेत येऊ लागली. तिच्या लांबट वहीत कोणाचा रक्तगट कोणता, याची यादीच होती.

1993 च्या सप्टेंबरात किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा जुने कपडे घेऊन दारात आलेल्यांना ती स्पष्ट सांगे की स्वतःच्या मुलीच्या अंगावर घालाल तेवढेच द्या, बाकीचे परत न्या. तिचे बोलणे पुष्कळांना लागे. मला विचारशील तर ती गोड स्वभावाची समाजसेविका मुळीच नव्हती, आणि सभेत काहींनी तिचे जे चित्र रंगवले ते तिला स्वतःलाच ओळखू आले नसते.

तिच्या या स्वभावाचा सगळ्यात कसोटीचा प्रसंग घरातच आला. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू होते आणि त्याला सवाष्णींनाच बोलावण्याचा प्रघात होता. आजीने एका वर्षी वाड्यातल्या दोन विधवांनाही आमंत्रण केले, इतरांसारखेच त्यांना कुंकू लावले, तिळगूळ आणि वाण दिले. पणजी दिवसभर बोलली नाही, आणि दोन घरांनी आपल्याकडे येणे थांबवले, त्यातले एक कायमचे. तिने हळदीकुंकू मात्र सोडले नाही. माझ्या मते तिचे खरे कौशल्य हेच होते: नवे मंडळ काढण्यापेक्षा बायका ज्या निमित्ताने एरवीही जमतात, ते निमित्तच ती रुंद करी. आजोबा गेले त्याच्या पुढच्या संक्रांतीला तिने नेहमीसारखेच सर्वांना बोलावले, आणि आलेल्या बायकांनी न सांगता तिला कुंकू लावले.

आजोबांना हे सारे आवडत असे, असे मी म्हणणार नाही. संध्याकाळी घरी आल्यावर अर्ज घेऊन बसलेली माणसे पाहून ते कपाळाला आठ्या घालत आणि स्वतःचा चहा स्वतः करून घेत, हे मी लहानपणापासून पाहिले आहे. तरीही अर्जांचे कागद तेच आणून देत.

डिसेंबरात आपण पुण्याला जाऊ, तेव्हा काकूंकडून ती वही मागून घे आणि सभेत बोललेल्यांपैकी ज्यांना भेटावेसे वाटेल त्यांना भेट. माझ्या जन्माआधीचे सगळे मला ऐकूनच माहीत आहे. गुरुवारचा वार आपल्या घराचा. सध्या तो काकू सांभाळतात आणि सामानाचे पैसे मी पाठवतो, पण पोळ्या कोणाला तरी लाटाव्याच लागतात, तेव्हा आपण तिथे असू तेवढे गुरुवार आपणच करायचे आहेत. तुझ्या पोळ्या गोल होत नाहीत याची काळजी करू नकोस; आजीच्या नियमांत आकाराविषयी काही नाही.

तुझा,
बाबा