जुमलावरून वर्डप्रेसवर जाताना

भाऊ, जुमला ३ या वेबसाइट चालवणाऱ्या प्रणालीचा सपोर्ट ऑगस्ट २०२३ मध्येच संपला, तेव्हा लातूरच्या त्या बियाणे दुकानाची साइट वर्डप्रेस या तशाच दुसऱ्या प्रणालीवर हलवायचं ठरवलंस ते बरंच केलंस. फक्त मृगाच्या तोंडावर हात घालू नकोस. ऐन पेरणीत साइट बंद पडली तर मालक तुला गंजगोलाईत गाठेल. उन्हाळ्यातच उरक.

थीम, म्हणजे साइटचं रूप, कोणती हा प्रश्न शेवटचा. आधी जुन्या साइटच्या सगळ्या पानांचे वेबपत्ते एक्सेलमध्ये उतरव, शेजारच्या रकान्यात नवे लिही आणि प्रत्येकाला ३०१ रीडायरेक्ट (जुना पत्ता कायमचा नव्याकडे वळवणारी सूचना) लाव. सरसकट होमपेजवर वळवायचा आळस नको.

मराठी पत्त्यांकडे नीट बघ. वर्डप्रेस स्लगला, म्हणजे पत्त्यातल्या पानाच्या नावाला, २०० चिन्हांचीच जागा देतं आणि देवनागरीचं एकेक अक्षर आत नऊ चिन्हं खातं. काना, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. 'सोयाबीन बीजप्रक्रिया कशी करावी' एवढ्यातच स्लग तुटतो. सरळ रोमन लिपीत छोटा स्लग दे.

जुना मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टात असेल तर आधी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या प्रमाण रूपात, आण. नंतर स्वतः वाच, कन्व्हर्टरवर विसंबू नकोस; रफार आणि पहिली वेलांटी हमखास जागा सोडतात.

नेमसर्व्हर (डोमेनच्या नोंदी सांभाळणारा सर्व्हर) बदलताना एमएक्स रेकॉर्ड, म्हणजे ईमेल कुठे पोचवायचा ते सांगणाऱ्या नोंदी, जसेच्या तसे उतरवून घे, नाहीतर दुकानाचा ईमेल बंद आणि बोलणी तुला. साइट लाइव्ह झाली की रीडिंग सेटिंग्जमधली सर्च इंजिनांना रोखणारी खूण काढ. जुनं होस्टिंग महिनाभर तरी चालू ठेव.