काहीच डाउनलोड केलं नाही, तरी वेबसाइटला माझ्या कॉम्प्युटरची माहिती कळली कशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एक साइट उघडली, अचानक पूर्ण स्क्रीनभर लाल पान आलं, त्यावर 'विंडोज 10, क्रोम, नागपूर' आणि आयपी ॲड्रेस असं सगळं लिहिलेलं, सोबत 'तुमचा कॉम्प्युटर हॅक झाला आहे, या नंबरवर फोन करा'. लॅपटॉप नवा आहे, विंडोज 11 वाला. ब्राउझरमध्ये बग आहे का, आणि वडिलांच्या दुकानातल्या विंडोज 7 च्या जुन्या मशीनला जास्त धोका आहे का?

मी नागपुरातच लहान ऑफिसांचे आणि दुकानांचे कॉम्प्युटर सांभाळतो. हे लाल पान आमच्याकडे नेहमीचंच गिऱ्हाईक आहे, त्यामुळे आधी त्याचाच निकाल लावू.

त्या पानाने तुमचं काहीही चोरलेलं नाही. जे दाखवलं ते तुमच्या ब्राउझरने स्वतःच सांगितलं. कुठलंही पान मागताना ब्राउझर आपलं नाव, आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम आणि पसंतीची भाषा कळवतो. आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवरचा तुमचा पत्ता, तर द्यावाच लागतो, नाहीतर पान परत पाठवायचं कुठे? त्यावरून शहराचा अंदाज बांधतात, आणि तो अंदाजच असतो. मोबाइलच्या नेटवर नागपूरच्या बर्डीत बसलेल्या माणसालाही बरेचदा मुंबईकर ठरवतात. पान उघडल्यावर त्यातल्या जावास्क्रिप्टला (पानासोबत येऊन ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडला) स्क्रीनचा आकार, प्रोसेसरचे कोअर किती, ग्राफिक्स कार्ड कोणतं, घड्याळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे आहे का, हेही विचारता येतं. परवानगी लागत नाही.

आता गंमत बघा. तुमच्याकडे विंडोज 11 आहे आणि पान म्हणतंय 10. कारण क्रोम आणि फायरफॉक्स 11 वरसुद्धा आपली ओळख 'विंडोज एनटी 10.0' अशीच देतात. खरी आवृत्ती हवी तर साइटला क्रोमकडे वेगळी विचारणा करावी लागते, आणि त्या भामट्याने तेवढीही तसदी घेतलेली नाही. तुमच्या मशीनमध्ये खरंच घुसलेल्या माणसाला एवढं तर माहीत असतं ना भाऊ! एस्केपचं बटण दाबून धरा, फुलस्क्रीन जाईल. नाहीच गेली तर टास्क मॅनेजरमधून क्रोम बंद करा, आणि परत उघडताना 'जुने टॅब आणू का' विचारलं तर नको म्हणा. फोन केला असेल आणि त्यांच्या सांगण्यावरून स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकलं असेल, तर मात्र प्रकरण वेगळं: नेट बंद करा, बँकेला कळवा, 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

या उघड माहितीचा खरा वापर घाबरवण्यासाठी होत नाही, ओळखण्यासाठी होतो. एकेक तुकडा फालतू असतो, पण सगळे जोडले की माणूस वेगळा काढता येतो. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या अमेरिकी संस्थेने 2010 मध्ये 4,70,161 ब्राउझर तपासले. त्यातले 83.6 टक्के इतर कुणाशीही जुळले नाहीत. फ्लॅश किंवा जावा ही तेव्हाची ब्राउझरची जोडसॉफ्टवेअर असलेल्यांमध्ये हे प्रमाण 94.2 टक्के निघालं. आपल्याकडे यात फॉन्टची भर पडते. लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करणाऱ्या डीटीपीवाल्याचं मशीन घ्या: कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी, शिवाय कुणाकुणाच्या पेनड्राइव्हमधून आलेले बेनामी फॉन्ट. साइट काय करते, तर एक शब्द न दिसेल असा त्या त्या फॉन्टमध्ये मांडते आणि त्याची रुंदी मोजते. रुंदी बदलली म्हणजे फॉन्ट मशीनवर आहे. असा अख्खा संच दुसरीकडे सापडणं कठीणच. ॲपलच्या सफारी ब्राउझरने 2018 पासून साइटना फक्त सिस्टिमसोबत आलेलेच फॉन्ट दाखवायचं ठरवलं ते याचसाठी.

पण ही झाली रचना. तुम्ही विचारलेला बग म्हणजे ब्राउझरने जे सांगायलाच नको होतं ते सांगणं. माझ्या मते यातला सगळ्यात शिकण्यासारखा किस्सा लिंकच्या रंगाचा आहे. न पाहिलेली लिंक निळी, पाहिलेली जांभळी, ही सोय पहिल्यापासूनची. पण पान आपल्याच लिंकचा रंग ब्राउझरला विचारू शकत होतं. मग एखाद्याने हजार पत्ते पानात लपवले आणि रंग तपासले, की तुम्ही कोणती बँक वापरता, कोणत्या आजाराबद्दल वाचलंत, सगळं बाहेर. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाकडे ही तक्रार 2002 मध्ये नोंदली गेली आणि उपाय निघायला 2010 उजाडलं. वेळ लागला, कारण कुणाचा कोड चुकला नव्हता. सोय हवी होती आणि गळतीही त्या सोयीतच होती. शेवटी काढलेला तोडगा मला फार आवडतो: ब्राउझरने पानाशी खोटं बोलायचं. तुम्हाला लिंक जांभळी दिसते, पण पानाने विचारलं की उत्तर 'निळी'. तरीही वेळ मोजून वगैरे आडमार्गाने रंग ओळखणारे निघालेच, म्हणून 2025 मध्ये क्रोम 136 ने आणखी बंधन घातलं: तुम्ही ज्या साइटवरून लिंक उघडली होती तिथेच ती पाहिलेली दिसते.

याहून वाईट प्रकार म्हणजे थेट फाइलींपर्यंत हात जाणं. ऑगस्ट 2015 मध्ये फायरफॉक्सच्या पीडीएफ दाखवणाऱ्या भागात असा बग सापडला, आणि सापडला तो वापरात असतानाच. रशियातल्या एका बातम्यांच्या साइटवरची जाहिरात वाचकांच्या कॉम्प्युटरवर ठरावीक फाइली शोधत होती आणि त्या परस्पर पाठवत होती. विंडोजवर फाइलझिलासारख्या एफटीपी (सर्व्हरवर फाइली चढवणाऱ्या) प्रोग्रामची सेटिंग, लिनक्सवर एसएसएचच्या, म्हणजे दुरून सर्व्हरमध्ये शिरायच्या, किल्ल्या आणि टर्मिनलमध्ये टाइप केलेल्या कमांडचा इतिहास. म्हणजे नेम वेबसाइट चालवणाऱ्यांवर होता. मागे काही खूण राहत नव्हती. बातमी कळल्यावर मोझिलाने लगेच 39.0.3 ही आवृत्ती काढली आणि त्या फाइलींमधले पासवर्ड, किल्ल्या बदलायला सांगितलं. जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन ज्यांच्याकडे होतं त्यातले काही त्यामुळे वाचले असतील. मी प्रत्येक ऑफिसात ॲडब्लॉकर टाकतो त्यामागे हे एक मोठं कारण आहे. जाहिरातवाल्यांचा राग येतो हे दुसरं.

इंटरनेट एक्सप्लोररची तर कहाणीच निराळी. डिसेंबर 2012 मध्ये उघड झालं की त्याच्या 6 ते 10 आवृत्त्यांमध्ये एखादं पान तुमचा माउस स्क्रीनवर कुठेही फिरत असला तरी त्याची जागा पाहू शकतं, अगदी खिडकी मिनिमाइझ केली असली तरीही. आठवतं का, बँका तेव्हा पासवर्ड व्हर्च्युअल कीबोर्डवर माउसने टाका असा आग्रह धरायच्या! दुसऱ्या एका त्रुटीत पानाला अमुक फाइल तुमच्या डिस्कवर आहे की नाही एवढंच कळायचं. हल्ला करणारे त्यावरून अँटिव्हायरस किंवा संरक्षणाचं साधन शोधायचे आणि सापडलं तर गुपचूप परत फिरायचे. मायक्रोसॉफ्टने ती सप्टेंबर 2014 मध्ये बुजवली.

ॲपलवाल्यांनीही फार हसू नये. सफारी 15 मध्ये एका साइटला दुसऱ्या साइटने ब्राउझरमध्ये साठवलेल्या डेटाबेसची नावं दिसत होती. फ्लॅट स्कीमच्या खाली पत्रपेट्या असतात ना, तसं: आतली पत्रं कुलपात, पण नावं येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना वाचता येतात. गूगलच्या काही साइट त्या नावात वापरणाऱ्याचा ओळख क्रमांकच घालत होत्या. जानेवारी 2022 मध्ये हे जाहीर झालं आणि त्याच महिन्यात 15.3 ने दुरुस्त झालं. स्पेक्टर नावाने गाजलेला दोष तर ब्राउझरचाही नव्हता, प्रोसेसरचा होता. पण 2018 मध्ये त्यापायी ब्राउझरना पानांना मिळणारं घड्याळ मुद्दाम जाडंभरडं करावं लागलं, कारण वेळ फार बारीक मोजता आली की शेजारच्या मेमरीतलं ओळखता येत होतं.

तुम्ही काय करायचं, तर अपडेट आलं की ब्राउझर बंद करून परत उघडायचा. क्रोम अपडेट उतरवून ठेवतं, पण रीस्टार्टशिवाय ते लागू होत नाही, आणि आपल्याकडे लोक लॅपटॉप बंद न करता नुसतं झाकण लावतात. एक्स्टेंशन मोजकी ठेवा. एखाद्या साइटने घरातल्या नेटवर्कवरची उपकरणं शोधायची परवानगी मागितली आणि तुम्ही प्रिंटर किंवा राउटरचं काम करत नसाल, तर नकार द्या. 2020 मध्ये खरेदी-विक्रीची साइट ईबे भेट देणाऱ्यांच्या विंडोज मशीनवर रिमोट डेस्कटॉपचे, म्हणजे दुरून मशीन चालवण्याचे, पोर्ट (आत यायची दारं) उघडे आहेत का ते तपासत असल्याचं लोकांना दिसलं होतं. हेतू फसवणूक पकडण्याचा असेलही, पण विचारलं कुणी होतं?

आता वडिलांच्या दुकानातलं मशीन. खरा धोका तिथे आहे. विंडोज 7 वर क्रोम 109 च्या पुढे जात नाही. त्यानंतर सापडलेले आणि जगजाहीर झालेले बग त्यात तसेच उघडे आहेत. शक्य असेल तर मशीन बदला. बिलाचं सॉफ्टवेअर जुनं आहे म्हणून ते तसंच ठेवायचं असेल, तर नेटची वायर काढून ते फक्त बिलासाठी वापरा, आणि बँक, जीएसटी, ईमेल सगळं तुमच्या नव्या लॅपटॉपवर आणा. वडील म्हणतील 'चालू तर आहे ना!'. त्यांना 109 हा आकडा दाखवा आणि शेजारी तुमच्या लॅपटॉपवरचा आजचा आकडा. क्रोमच्या मेनूत मदतीखाली 'गूगल क्रोमबद्दल' असं आहे, तिथे दिसतो.