शाळा-ग्रंथालयांचे सामायिक मालकीचे फायबर इंटरनेट जाळे खानदेशात टिकेल का?

टिकेल, परंतु देखभालीची व्यवस्था खोदाईच्या आधी ठरली तरच. खर्चाचा मोठा वाटा केबलवर नव्हे, चर खोदण्यावर जातो. म्हणून शाळा, ग्रंथालय व आरोग्य केंद्र यांनी मिळून एकाच चरात केबलमधील जादा काचतंतू टाकून ठेवावेत. जेसीबीच्या एका फटक्याने केबल तुटली, की 125 मायक्रॉन जाडीचे काचतंतू एकेक करून, टोके पुसून व नेमकी कापून, स्प्लायसिंग यंत्रावर जोडावे लागतात, आणि हे काम येणारा माणूस तालुक्यातच हवा. पांझरा नदीवरच्या फड या सामूहिक सिंचन पद्धतीत पाटाचे पाणी व राखण पाहणारे पाटकरी व जागले लाभधारकच नेमत, तशी वार्षिक वर्गणी आणि राखीव निधी असलेली सहकारी संस्था मला खात्रीची वाटते. ग्रामपंचायतीपर्यंत भारतनेट या गावोगावी इंटरनेट नेणाऱ्या सरकारी योजनेची केबल आली असेल, तर आधी तिच्यातील वापरात नसलेल्या तंतूंची मागणी करावी.