काथ्याच्या जाळीत करिअर आहे का?

प्रश्न: आम्ही कुडाळ तालुक्यातले. दीडशे माड आहेत, सोडणं (नारळाची सालं) बहुतेक चुलीतच जातात. मुलगी अकरावी सायन्सला आहे. गेल्या मे महिन्यात घाटरस्त्याच्या उतारावर काथ्याची जाळी अंथरताना तिनं पाहिली. दिवाळीत तिथं गवत उभं राहिलेलं पाहिलं, तेव्हापासून "मला हेच करायचंय" म्हणते. माझ्या मनात आहे की केरळात कॉयरचा, म्हणजे काथ्याचा कोर्स करू दे, मग इथं कारखाना टाकू. तिच्या आईला नर्सिंग बरं वाटतं. गणित जड जातं म्हणून मुलगी ते सोडायच्या विचारात आहे. काय करावं?
– एक पालक

उत्तर:

नमस्कार. शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तो थांबणार नाही. गणित सोडू देऊ नका. तिला जे करायचंय त्याकडे जाणारे बहुतेक रस्ते गणितातूनच जातात. हवी तर शिकवणी लावा, कमी मार्क पडले तरी चालतील, पण विषय राहू द्या.

तुमच्या पत्रात दोन वेगळी स्वप्नं एकत्र झाली आहेत. तुम्ही सोडणांकडे बघताय, मुलगी उताराकडे. तुमचं स्वप्न कारखान्याचं आहे, तिचं माती धरून ठेवण्याचं. दोन्ही चांगली आहेत, पण त्यांचं शिक्षण वेगळं आणि धोकाही वेगळा.

तिनं जे पाहिलं त्याला सरकारी कागदोपत्री 'कॉयर भूवस्त्र' म्हणतात. भारतीय मानक ब्यूरोची त्यासाठी मानकं आहेत. चौरस मीटरला 400, 700, 900 ग्रॅम अशा वजनांत ही जाळी मिळते. काम वरून सोपं दिसतं. उतार खरवडून सारखा करायचा, वरच्या कडेला फूटभर खोल चर खणून त्यात जाळीचं टोक पुरायचं, मग गुंडाळी वरून खाली सोडायची. शेजारच्या पट्ट्या वीतभर एकमेकींवर चढवायच्या आणि खुंट्या ठोकायच्या. खरी परीक्षा एकाच गोष्टीत असते: जाळी जमिनीला सगळीकडे चिकटली का? मध्ये कुठं तंबूसारखी उचललेली राहिली, तर पाणी तिच्याखालून धावतं आणि पहिल्याच आठवड्यात घळ पाडतं. जांभ्याच्या कातळात तर खुंटी आत जायलाच तयार नसते. नीट बसलेल्या जाळीचा प्रत्येक दोरा मात्र लहानशा बांधाचं काम करतो. काथ्यात लिग्निन भरपूर असल्यामुळे तो दोन-तीन पावसाळे टिकतो. तोवर वाळ्याची, हरळीची मुळं माती धरतात आणि जाळी कुजून मातीत मिसळते. प्लॅस्टिकच्या जाळीला हे साधत नाही, म्हणून मला हे काम मनापासून मोलाचं वाटतं.

पण तिला मर्यादाही आताच सांगा. ही जाळी वरची वीतभर माती वाचवते. 2014 साली माळीणला आणि 2021 साली तळीयेला दरड कोसळून जे झालं, ते अशा जाळीनं थांबलं नसतं. तिथं डोंगराच्या पोटातल्या पाण्याचा आणि खडकाचा प्रश्न असतो. कुठल्या उताराला जाळी पुरेल, कुठं आधी पाण्याला वाट काढून द्यावी लागेल आणि कुठं भिंत किंवा खडकात सळया लागतील, हे ठरवणाऱ्या माणसाला मागणी आहे. जाळी अंथरणारे मजूर ठेकेदाराला मिळतात. हे ठरवणारे फार कमी आहेत, आणि कोकणाला त्यांची गरज दरवर्षी जुलैत दिसते.

म्हणून माझी पहिली पसंती कृषी अभियांत्रिकीला. दापोलीला डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठात बी.टेक. आहे, चार वर्षांचं, एमएचटी-सीईटीतून प्रवेश. त्यात मृद व जलसंधारण हा विषय सविस्तर शिकवतात. दुसरा रस्ता सिव्हिल आणि पुढे एम.टेक.ला भू-तंत्रज्ञान, म्हणजे माती आणि खडकाचं अभियांत्रिकी. रस्ते, रेल्वे, धरणं यांच्याकडे जायचं असेल तर हा जास्त उपयोगी. बागा, रिसॉर्ट, शहरातले नदीकाठ अशा कामांची ओढ असेल तर आधी आर्किटेक्चर आणि मग लँडस्केपमध्ये पदव्युत्तर शिक्षण. तो रस्ता लांब आणि खर्चिक आहे. तरी ओढ्याच्या काठाला काथ्याचे ओंडके (काथ्या ठासून भरलेल्या जाळीच्या लांब गुंडाळ्या) लावून झाडं वाढवण्यासारखी कामं तिथंच येतात. या तिन्ही ठिकाणी गणित लागतं.

नोकरीच्या जाहिरातीत "काथ्या" हा शब्द क्वचितच दिसेल. साइट इंजिनीअर, उतार संरक्षण, पाणलोट विकास अशा नावांनी शोधावं लागेल. कामं वाढत आहेत असं म्हणायला आधार आहे. 2020 मध्ये केंद्रानं पंतप्रधान ग्रामसडक योजनेच्या रस्त्यांत कॉयर भूवस्त्राला मान्यता दिली. तेव्हा सात राज्यांत मिळून 1674 किलोमीटर रस्ते ठरले होते, त्यातले 328 महाराष्ट्रात. केरळात तर रोजगार हमीतून तळी आणि ओढ्यांचे काठ असे बांधून घेतलेत.

आता तुमचा कारखाना. हजार सोडणांतून साधारण 80 ते 100 किलो काथ्या निघतो. माडामागं वर्षाला सत्तर नारळ धरले तर तुमच्या बागेतून साडेदहा हजार सोडणं, म्हणजे जेमतेम एक टन काथ्या. सर्वांत हलकी जाळी धरली तरी एवढ्यात पंचवीस गुंठे उतार झाकेल. एक हेक्टरला चाळीस-पन्नास हजार सोडणं लागतात. म्हणजे यंत्र घेण्याआधी आसपासच्या गावांतली सोडणं गोळा करायची सोय हवी. शिवाय जाळी काथ्याची नव्हे, काथ्याच्या सुताची विणतात. सूत काढणं आणि विणणं हे केरळातल्या आलप्पुळा भागाचं पिढ्यान् पिढ्यांचं कसब आहे. त्यांच्याशी किमतीत टक्कर घेण्यापेक्षा सोडणातून काथ्या काढताना उरणाऱ्या भुश्यापासून सुरुवात करणं शहाणपणाचं. काथ्यापेक्षा भुसाच जास्त निघतो. तो गोड्या पाण्यानं नीट धुऊन क्षार काढला की रोपवाटिका आणि गच्चीवरच्या बागा कोकोपीट म्हणून घेतात. पुढे मुलीच्या नावानं उद्योग काढायचा झाला, तर पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण महिलांना प्रकल्पखर्चाच्या 35 टक्क्यांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. अर्ज करताना त्या वर्षीचे नियम पाहून घ्या.

केरळचा कोर्स वाईट नाही. आलप्पुळाजवळ कलवूरला कॉयर बोर्डाची संशोधन संस्था आणि प्रशिक्षण केंद्र दोन्ही आहेत. पण पदवीऐवजी तो नको. पदवी चालू असताना सुटीत तिथं जाऊन आली, सूत हातात घेऊन शिकली, तर तिच्याकडे इतर इंजिनीअरांकडे नसलेली गोष्ट असेल.

तिच्या आईला सांगा, नर्सिंग उत्तमच आहे. पण ज्या मुलीनं त्याचं नावही काढलेलं नाही तिला तिथं घालणं तिच्यावर आणि पुढे पेशंटवरही अन्याय होईल.

येत्या मे महिन्यात तिला एक काम द्या. घरामागच्या उतारावर दहा बाय दहा फुटांचे दोन चौकोन आखा. एकावर जाळी खुंट्यांनी बसवा, दुसरा उघडा ठेवा. दोन्हींच्या पायथ्याशी प्लॅस्टिक अंथरलेला चर खणा. मोठा पाऊस पडून गेला की चरात साचलेली माती वाळवून तोलायची, तारखेसह वहीत लिहायची. ऑक्टोबरात ती वही मला पाठवा. चार महिने चिखलात हे काम तिनं आवडीनं केलं, तर सीईटीनंतर दापोलीचा पर्याय पहिला भरायला हरकत नाही.